सात नंबरचे बूट

शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर शेवटचा रकाना:
'या तीन वर्षांत तुमच्यात कोणता बदल झाला? थोडक्यात लिहा.'
थोडक्यात लिहायचं तर
माझा पाय तेव्हा चार नंबरचा होता, आजही तेवढाच आहे.

उद्यमबागच्या फौंड्रीत इंटर्न म्हणून गेले
तेव्हा स्टोअरमध्ये सगळ्यांत लहान बूट सात नंबरचे.
दस्तगीर मामांनी टोकांत कॉटन वेस्ट कोंबून दिलं.
'इथं आजवर पोरगी आलीच नाही,
बुटांना तरी काय ठावं असणार?'
सहा आठवडे मी
माझ्याआधी पोचणाऱ्या बुटांतून चालले.

संडास म्हणजे रस्ता ओलांडून पेट्रोल पंप.
ते अहवालात लिहिलं नाही.
लिहिलं: वाळूतला ओलावा, ओतकामातले दोष.
तेही खोटं नव्हतं.
मामा कास्टिंगवर हातोडी टेकवत,
'ऐक, हे बोलूलालंय.
आणि हे बघ, ह्याच्या पोटात वारा अडकलाय.'
पंधरा दिवस मला दोन्ही सारखंच ऐकू आलं
आणि मी मान हलवत राहिले.
सोळाव्या दिवशी कबूल केलं.
'मला ठाऊक होतं,' मामा म्हणाले,
'कधी सांगतेस तेवढंच बघूलालतो.'

मग आखेन, एक सत्र.
आईनं पिशवीत तळाशी दडवलेला कुंदा
विमानतळावर त्यांनी वर काढला. हे काय?
दूध, मी म्हटलं. मला जर्मन तेवढंच येत होतं.
आटवलेलं, धीर धरून, हे कसं सांगणार?
त्यांनी ठेवून घेतला.

प्रयोगशाळेच्या दाराशी बुटांची मांडणी,
छत्तीसपासून सत्तेचाळीसपर्यंत, कुणीही घ्यावेत.
सदतीस काढले. घातले. चार पावलं टाकली.
पायाला काहीच जाणवलं नाही,
आणि त्याचंच रडू आलं.

एका रविवारी बसनं फाल्सला निघालो.
मधेच फोन किणकिणला: नेदरलँड्समध्ये स्वागत.
बस थांबली नव्हती.
खिडकीबाहेर एक बेकरी, भिंतीला टेकलेली सायकल.
मला कोगनोळीचा नाका आठवला,
बंदच्या दिवशी तिथं उतरून
बॅग डोक्यावर घेऊन कागलपर्यंत चालत गेलेले आम्ही.
का हसतेस, शेजारच्या मुलीनं विचारलं.
सांगायला घेतलं. अर्ध्यावर सोडून दिलं.

परतल्यावर कॉलेजच्या निवडणुकीला उभी राहिले.
भाषण कन्नडमधून सुरू केलं, हट्टानं,
आणि नेमकी एका शब्दाशी अडले.
'मी घेईन ती...' आणि शब्द येईना.
हॉलमध्ये पंखे तेवढे ऐकू येऊ लागले.
तिसऱ्या रांगेतून शिवलीला हिरेमठ,
माझ्याविरुद्ध उभी असलेली, वैतागून ओरडली:
'जवाब्दारी री! जवाब्दारी!'
म्हणजे जबाबदारीच.
मी तो शब्द उगाच लांब शोधत होते.
सगळा हॉल हसला, सगळ्यांत आधी मी.
सात मतांनी निवडून आले.
त्यांतलं एखादं तिचं असेल, ती कबूल करत नाही.

वर्षभरात काय केलं?
अकरा पत्रं लिहिली, बुटांसाठी.
मॅनेजर म्हणाले, दोन मुलींसाठी ऑर्डर कोण देतं?
तेव्हा शिवलीलानं चार कॉलेजांत फोन लावले
आणि एकोणीस नावं कागदावर आणून आपटली.
संडासाचं अजून चाललंय.

या जूनमध्ये बैलहोंगलची महादेवी रुजू झाली.
खोक्यातून काढले, चार नंबरचे, कोरे.
उलटसुलट करून म्हणाली,
'अक्का, रंग किती घाण आहे.'
मग पहिल्याच दिवशी, हातोडी हातात,
सगळ्यांसमोर, न लाजता,
'मामा, मला दोन्ही सारखंच ऐकू येतंय.'
मामांनी माझ्याकडे पाहिलं.
सात नंबरच्या बुटांतलं कॉटन वेस्ट ओढून काढलं
आणि त्यानं मशीन पुसू लागले.

रकान्यात हे मावणार नाही.
खरं सांगायचं तर
मला महादेवीचा थोडा रागच आला.